बोट दुपारी चारची, विमान सकाळी नऊला पोचणार: एवढा वेळ पुरेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचं सहा जणांचं कुटुंब: नवरा-बायको, दोन मुलं आणि सत्तरी ओलांडलेले आई-बाबा. २७ डिसेंबरला सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ, पेनांग (मलेशिया) आणि फुकेत (थायलंड) करून परत. बोट दुपारी चारला सुटते. २६ ला संध्याकाळी पुणे-दिल्ली विमान, पावणेनऊला दिल्ली. मध्यरात्री साडेबाराला दुसऱ्या कंपनीचं दिल्ली-सिंगापूर, सकाळी नऊच्या सुमारास चांगी. दोन्ही तिकिटं स्वतंत्र काढली, कारण मुंबईहून थेट जाण्यापेक्षा माणशी बरेच पैसे वाचले. बाबांना मधुमेह आहे, आईंचे गुडघे दुखतात. विचारलंय असं की, सिंगापूरला सात तास हातात आहेत, तेवढे पुरतात ना? बॅगेत काय न्यावं? आणि आईला बोट लागेल का?

सिंगापूरचे सात तास पुरतात. चांगीसारख्या विमानतळावर इमिग्रेशन, बॅगा आणि टॅक्सी धरून दोन तासांत माणूस मरीना बे क्रूझ सेंटरवर असतो. अडचण आहे ती दिल्लीच्या पावणेचार तासांची, आणि त्याकडे तुमचं लक्षच गेलेलं नाही. मी बरीच वर्षं ज्येष्ठ मंडळींचे ग्रुप क्रूझला घेऊन जातोय, आणि डिसेंबरात दिल्लीमार्गे, तेही दोन वेगळ्या तिकिटांवर, बोट गाठायला मी कुणालाच पाठवत नाही. कारण सांगतो, मग तुमचं तुम्ही ठरवा.

आधी धुकं. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत उत्तरेच्या मैदानात आभाळ निरभ्र असतं, वारा पडलेला असतो. रात्री जमीन भराभर थंड होते आणि तिच्यालगतच्या दमट हवेत धुकं धरतं. ते बहुधा मध्यरात्रीनंतर दाटतं आणि सकाळी नऊ-दहापर्यंत हलत नाही. दिल्लीला कॅट-थ्री यंत्रणा आहे, त्यामुळे तशी सोय असलेलं विमान आणि तसं प्रशिक्षण घेतलेले वैमानिक असतील तर धावपट्टीवर ५० मीटरपर्यंतच दिसत असतानाही विमान उतरू शकतं. उड्डाणाला मात्र साधारण १२५ मीटर दिसावं लागतं. त्यामुळे दाट धुक्याच्या रात्री विमानं उतरताहेत पण सुटत नाहीत असा प्रकार होतो. मग उभी राहायला जागा उरत नाही आणि पुढची विमानं जयपूर, अहमदाबादकडे वळवली जातात.

तुम्ही म्हणाल, आमचं पुण्याचं विमान तर संध्याकाळचं आहे, तेव्हा कुठे धुकं? बरोबर आहे. पण ते विमान सकाळपासून पुण्यात तुमची वाट बघत उभं नसतं. तेच विमान पहाटेपासून चार-पाच फेऱ्या मारून तुमच्याकडे येतं. पहाटेची पहिली फेरी दिल्ली, लखनौ किंवा अमृतसरला तीन तास अडकली, तर तो उशीर दिवसभर साचत साचत संध्याकाळी पुण्यात पोचतो. त्यात वैमानिकांच्या ड्युटीचे तास भरले की विमान आहे पण चालवायला माणूस नाही, अशी वेळ येते. शिवाय पुण्याचा विमानतळ हवाई दलाच्या तळावर आहे, धावपट्टी एकच. तिथे एक गोष्ट मागे सरकली की पुढच्या सगळ्या सरकतात.

हे मी घाबरवायला सांगत नाही. जानेवारी २०२४ मध्ये गोव्याहून दिल्लीला निघालेलं एक विमान धुक्यामुळे मुंबईला उतरवलं होतं आणि वैतागलेले प्रवासी विमानाशेजारी जमिनीवर बसून जेवले होते. तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात तर धुक्याचं निमित्तही नव्हतं. वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांप्रमाणे वेळापत्रक जमलं नाही आणि देशभरात हजारो उड्डाणं रद्द झाली. हिवाळ्यातला प्रवास आखताना 'सगळं वेळेवर झालं तर' हे गृहीत धरून चालत नाही.

आता ते पावणेचार तास मोजून बघू. दोन तिकिटं वेगळी, म्हणजे तुमच्या बॅगा पुण्याहून थेट सिंगापूरला जाणार नाहीत. दिल्लीत बेल्टवरून उचलायच्या, बाहेर यायचं, पुन्हा चेक-इन करायचं. आंतरराष्ट्रीय उड्डाण टर्मिनल ३ वरून, आणि पुण्याचं विमान टर्मिनल १ वर उतरलं तर मध्ये रस्त्याने जायचं, सहा माणसं आणि आठ बॅगा घेऊन. आईंसाठी व्हीलचेअर सांगितली असेल (सांगाच, किमान ४८ तास आधी), तर ती येईपर्यंत थांबायचं. दुसऱ्या कंपनीचा काउंटर उड्डाणाच्या तासभर, कधी सव्वा तास आधी बंद होतो. हे सगळं वजा केलं की खरा मोकळा वेळ उरतो दीड तासाच्या आसपास. पुणे-दिल्ली विमानाला दोन तास उशीर होणं हिवाळ्यात अगदी रोजचं आहे.

आणि तो झाला, तर दुसरी कंपनी तुम्हाला 'नो-शो', म्हणजे न आलेले प्रवासी, धरते. तिच्या दृष्टीने तुम्ही फक्त दिल्लीहून निघणारे प्रवासी. पुण्याहून कसे आलात याच्याशी तिला देणंघेणं नाही. एकाच पीएनआरवर दोन्ही उड्डाणं असती, तर पहिल्याला उशीर होऊन दुसरं चुकल्यावर पुढच्या विमानात बसवून देणं ही विमान कंपनीची जबाबदारी असती. धुक्यासारख्या कारणाने झालेल्या उशिराला भरपाईही मिळत नाही. नाताळच्या आठवड्यात ऐनवेळी सहा जागा एकत्र मिळणं तर विसराच. माणशी जे वाचलं, ते या एका जोखमीची किंमत आहे.

बोटीकडे वळू. क्रूझ म्हणजे काही एसटी नव्हे, की कुणीतरी धावत येतंय म्हणून कंडक्टरने दोन मिनिटं बेल थांबवली. बंदरातून बाहेर काढणारा पायलट ठरलेल्या वेळेला येतो, धक्का पुढच्या बोटीला दिलेला असतो, पेनांगच्या धक्क्याची वेळही आधीच ठरलेली असते. चारला सुटणाऱ्या बोटीचं बोर्डिंग तास-दीड तास आधी बंद होतं, कारण प्रवाशांची अंतिम यादी द्यायची असते आणि मस्टर ड्रिल, म्हणजे संकटात कुठे जमायचं याचा सराव, उरकायचा असतो. जानेवारी २०१२ मध्ये इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' बुडाली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या बऱ्याच प्रवाशांचा सराव झालेलाच नव्हता. त्यानंतर नियम कडक झाले आणि आता हा सराव बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी व्हावाच लागतो. तेव्हा तुमचे सात तास मुळातच साडेपाचच्या आसपास येतात.

'चुकलीच तर पेनांगला विमानाने जाऊन पकडू' हा विचार मनात येतोच. कधी कधी जमतं. पण त्याला क्रूझ कंपनीची परवानगी लागते, त्या देशाच्या प्रवेशाचे नियम वेगळे पडतात आणि विमानाचा खर्च सगळा आपला. आई-बाबांना घेऊन असला उद्योग करायचा नसतो.

मग मी काय केलं असतं? दिल्ली पूर्ण सोडली असती आणि २६ ला मुंबईहून थेट सिंगापूरला गेलो असतो. थेट उड्डाण साडेपाच तासांच्या आसपास आहे. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, म्हणून दिवसाचं विमान घेतलं तर संध्याकाळी किंवा रात्री पोचाल, हॉटेलवर झोपाल, सकाळी नाश्ता करून निवांत बोटीवर जाल. हा मला सगळ्यात पसंत असलेला मार्ग आहे. रात्रीचं विमान स्वस्त असतं, पण मधुमेह असलेल्या माणसाची झोप आणि जेवण दोन्ही बिघडतं, आणि सकाळी आठला पोचल्यावर हॉटेलची खोली तीनपर्यंत मिळत नाही हे कुणी लक्षात घेत नाही. रात्रीचंच घ्यायचं असेल तर ते २५ च्या रात्रीचं घ्या, म्हणजे २६ हा पूर्ण दिवस आरामाला मिळेल.

पुण्याहून मुंबईला गाडीने जाताना बोरघाट नाताळच्या सुटीत कधी तुंबेल सांगता येत नाही. एरवी साडेतीन तास धरता, तिथे सहा धरा. दुपारचं विमान असेल तर आदल्या रात्री अंधेरीत नातेवाइकांकडे मुक्काम सगळ्यात बरा. आपल्याकडे मुंबईत कुणी ना कुणी असतंच.

आता जे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे ते. तिकिटं परत करता येणारी आहेत की नाहीत, ते आज बघा. दिल्ली-सिंगापूर तिकीट बदलताच येत नसेल आणि ते पैसे सोडणं शक्य नसेल, तर निदान ती दोन्ही उड्डाणं एक दिवस आधी आणता येतात का ते विचारा. तेही नाही जमलं तर फक्त पुणे-दिल्ली बदला: २६ ला सकाळचं किंवा संध्याकाळचं नको, दुपारी दोन-तीनला दिल्लीत उतरणारं घ्या. त्या वेळेला बहुधा धुकं उठलेलं असतं आणि उशिरासाठी सहा-सात तासांची गादी मिळते. दिल्लीत बसून कंटाळा येईल, पण बोट चुकायची भीती कमी होईल. यात तुमचं मध्यरात्रीचं उड्डाण धुक्यात अडकण्याची शक्यता राहतेच, ती काही या उपायाने जात नाही. तुम्ही दोघंच तिशीतले असता तर मी कदाचित म्हटलं असतं, घ्या जोखीम, फार तर सिंगापूर फिरून परत याल. आई-बाबा आणि मुलं बरोबर असताना तसं म्हणणार नाही.

मुंबईहून थेट जायचं आणि एक रात्र हॉटेलच्या दोन खोल्या, हा जादा खर्च एकीकडे ठेवा. दुसरीकडे सहा जणांच्या क्रूझचे पूर्ण पैसे ठेवा, कारण न आलेल्या प्रवाशाला परतावा मिळत नाही. विम्यात 'मिस्ड कनेक्शन', म्हणजे पुढचं विमान चुकल्याची भरपाई, असतं, पण पॉलिसी नीट वाचा. बऱ्याच पॉलिसींत ठरावीक तासांपेक्षा जास्त उशीर झाला तरच, आणि तेही ठरावीक रकमेपर्यंतच पैसे मिळतात; स्वतंत्र तिकिटांचं कनेक्शन कित्येकदा धरलंच जात नाही. विमा मात्र काढाच, बाबांचा मधुमेह लपवू नका. बोटीवर डॉक्टर असतो, पण त्याचं बिल तुमच्या खोलीच्या खात्यावर चढतं आणि ते चांगलंच महाग असतं.

कागदपत्रांत तीन गोष्टींवर माणसं अडकतात. पहिली, नाव. आपल्याकडे पासपोर्टवर बाईच्या नावाला जोडून नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव असतं, आणि मुलगा बुकिंग करताना फक्त आईचं नाव आणि आडनाव टाकतो. विमान आणि बोट दोन्हीकडे पासपोर्टवर आहे तसंच नाव असायला हवं. दुसरी, व्हिसा. तुम्ही सिंगापूरमध्ये शिरणार, बोटीने बाहेर जाणार आणि परत शिरणार, म्हणून व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना ते छापील कागदावर बघून घ्या. पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा. मलेशिया आणि थायलंडचे नियम गेल्या काही वर्षांत भारतीयांसाठी बरेच बदलले आहेत, तेव्हा निघायच्या आठवड्यात क्रूझ कंपनीकडून लेखी विचारून घ्या, शेजाऱ्याच्या अनुभवावर जाऊ नका. तिसरी, सिंगापूरचं अरायव्हल कार्ड. पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं आणि ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही. बोटीने परत येताना पुन्हा नवीन भरावं लागतं, हे हमखास विसरलं जातं. बोटीवरचं इंटरनेट महाग पडतं, म्हणून फुकेतला उतराल तेव्हाच मोबाइलवर भरून टाका.

बॅगा. क्रूझ टर्मिनलवर मोठ्या बॅगा हमाल घेतो आणि त्या खोलीच्या दारात संध्याकाळपर्यंत येतात. तोवर तुम्ही हातातल्या बॅगेवर असता. म्हणून पासपोर्ट, सगळी औषधं, मुलांचे पोहण्याचे कपडे, एक बदलायचा जोड हातात ठेवा. इन्सुलिन चेक-इन बॅगेत टाकू नका, सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं. बाबांच्या डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी घ्या आणि अडीच तासांच्या फरकात डोस कसे सरकवायचे हेही त्यांनाच विचारा. झोपेच्या काही गोळ्या, ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या किंवा कोडीन असलेलं खोकल्याचं औषध घेत असाल तर सिंगापूरची आधी परवानगी लागू शकते. तिथे ही बाब फार गंभीरपणे घेतात.

तसंच खाऊचं. हिवाळा म्हणजे कुणीतरी डिंकाचे लाडू बांधून देणारच, आणि त्यात खसखस असते. सिंगापूरमध्ये खसखस निषिद्ध वस्तूंत मोडते. लाडू घरीच संपवा. गुटखा, खैनी, जर्दा तिथे पूर्ण बंद आहे, व्हेप बंद आहे, च्युइंगगम न्यायचं नाही. सिगारेटवर ड्यूटी-फ्री सवलत नाही, एक पाकीट असलं तरी जाहीर करावं लागतं. बाबांच्या खिशात तंबाखूची डबी असेल तर पुण्यातच काढून घ्या, राग आला तरी चालेल. बोटीवर इस्त्री, इलेक्ट्रिक किटली, पाणी तापवायची कॉइल चालत नाही. तपासणीत काढून घेतात. सीलबंद चिवडा, भाकरवडी चालते. घरी केलेलं मात्र चालत नाही. बोटीवर पोचल्यावर बुफे उघडाच असतो, शाकाहारी जेवण भरपूर मिळतं. जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच नोंदवा.

कपड्यांचं एक सांगतो. पुण्यात पहाटे स्वेटर लागेल, सिंगापूरला तीस अंश आणि पाऊस असेल, कारण तिथला डिसेंबर हा पावसाळ्याचा महिना. स्वेटर फेकू नका, विमानात आणि बोटीच्या थिएटरात एसी बोचतो.

आता आईंना बोट लागण्याबद्दल. तुमचा मार्ग चांगला आहे. डिसेंबरात ईशान्य मोसमी वारे दक्षिण चीन समुद्र खवळवतात, त्यामुळे व्हिएतनामच्या बाजूला जाणाऱ्या बोटी या दिवसांत चांगल्या हलतात. तुम्ही जाणार मलाक्काच्या सामुद्रधुनीतून. तिला एका बाजूला मलाया द्वीपकल्प आणि दुसऱ्या बाजूला सुमात्रा यांचा आडोसा आहे, आणि फुकेतच्या बाजूचा अंदमान समुद्र डिसेंबर ते मार्च शांत असतो. मांडव्याच्या लाँचमध्ये आईंना उलट्या झाल्या असतील तर ती मोजपट्टी लावू नका. मोठ्या बोटीला डोलणं कमी करणारे पंख (स्टॅबिलायझर) असतात आणि तिचं वजनच एवढं असतं की बऱ्याच वेळा चालतेय हे कळत नाही. तरी खोली बोटीच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर, लिफ्टजवळ मागा. गुडघ्यांसाठीही तेच सोयीचं. कॉरिडॉर फार लांब असतात. उलटीची गोळी बरोबर ठेवा, पण अशा गोळ्यांनी वयस्कर माणसांना गुंगी येते, तेव्हा त्यांच्या चालू औषधांबरोबर चालते का ते डॉक्टरांना विचारूनच.

एवढं करूनही उशीर झाला तर काय करायचं? बोटीच्या ई-तिकिटावर आणीबाणीचा फोन नंबर आणि सिंगापूरच्या पोर्ट एजंटचा नंबर असतो. ते कागदावर लिहून दोन वेगळ्या माणसांच्या खिशात ठेवा; मोबाइल ऐनवेळी बंद पडतो. उशीर होतोय असं वाटताक्षणी फोन करा, सिंगापूरला उतरल्यावर नको. बुकिंग नंबर, विमानाचा नंबर, किती जण आहात हे सांगा. एकाच विमानात बोटीचे बरेच प्रवासी असतील तर कंपनी कधी कधी बोर्डिंगची मुदत थोडी ताणते, पण त्यासाठी तुम्ही कुठे आहात हे त्यांना माहीत असावं लागतं. विमान कंपनीकडून उशिराचं लेखी प्रमाणपत्र काउंटरवरच मागून घ्या, कारण विम्याच्या दाव्याला तेच लागतं आणि नंतर मिळवताना घाम फुटतो. चांगीवर उतरल्यावर मेट्रोच्या फंदात पडू नका, सहा जणांना मोठी टॅक्सी करा आणि चालकाला टर्मिनलचं पूर्ण नाव सांगा. सिंगापूरला क्रूझ टर्मिनल दोन आहेत, एक मरीना बे आणि दुसरं हार्बरफ्रंटला, आणि मधला रस्ता शहरातून जातो. तुमच्या तिकिटावर कुठलं लिहिलंय ते आत्ताच बघून ठेवा.